नाद, कर्ण आणि साक्षी

शब्द ऐकू येतो तो नेमका कोठे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटला तरी आपल्या दर्शनकारांनी त्यावर शतकानुशतके खल केला आहे, आणि त्या वादाचा फैसला कोणा एका पक्षाच्या बाजूने कायमचा लागला असे म्हणता येत नाही. नगारा वाजतो तो देवळाच्या नगारखान्यात आणि ऐकणारा बसलेला असतो आपल्या घरच्या ओसरीवर; तेव्हा नगाऱ्याचा नाद ओसरीपर्यंत येऊन कानात शिरतो, की श्रवणेंद्रियच आपले स्थान सोडून नगारखान्यापर्यंत जाऊन पोहोचते? न्यायवैशेषिकांनी पहिला पक्ष उचलला. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून कर्णशष्कुलीने मर्यादित झालेले आकाश म्हणजेच श्रोत्र होय. नगाऱ्यावर टिपरू पडताच उत्पन्न झालेला पहिला शब्द दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जन्म देत जातो, आणि या मालिकेतला जो शब्द अखेर कर्णविवरातल्या आकाशात उत्पन्न होतो तेवढाच आपल्याला ऐकू येतो. ही मालिका पाण्यावरच्या तरंगांसारखी एकामागून एक पसरते, की कदंबाच्या गेंदाप्रमाणे एकदम दाही दिशांना फुलते, याविषयी त्यांच्यात दोन मते होती, आणि सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांनी आपल्या ‘भाषापरिच्छेदा’त ती दोन्ही नमूद करून ठेवली आहेत. त्याच शतकात ‘वेदान्तपरिभाषा’ लिहिणाऱ्या धर्मराजाध्वरींद्रांनी मात्र उलट पक्ष मांडला: डोळ्याप्रमाणे कानही विषयाच्या ठिकाणी जातो, कारण आपल्याला जो अनुभव येतो तो तिथल्या नगाऱ्याचा शब्द ऐकल्याचा असतो, कानात उमटलेल्या कोणा वंशजाचा नव्हे. बौद्ध आचार्यांना हे दोन्ही पक्ष अमान्य होते; शब्द आपल्याला अंतरासह, दिशेसह कळतो, आणि ज्याला इंद्रिय प्रत्यक्ष भिडले आहे त्याच्या बाबतीत अंतर कसे जाणवावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

या तिन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र निर्विवाद धरून ठेवली होती. नाद आणि ऐकणारा यांच्यामध्ये काही अंतर आहे, आणि ते अंतर कोणी व कसे ओलांडले, किंवा ओलांडले तरी की नाही, एवढाच काय तो वाद आहे, ही ती गोष्ट होय. अंतरच काढून टाकले तर काय होईल, ही परीक्षा त्यांना करता येण्याजोगी नव्हती. ती आज करता येते. आणि ज्या साधनाने ती करता येते ते साधन सामान्यतः चैनीच्या वस्तूंत मोजले जात असले, तरी त्याच्या योगाने माझ्या मनात जो विचार उभा राहिला तो चैनीचा नाही, अशी माझी खात्री असल्यामुळेच मी हे लिहिण्यास प्रवृत्त झालो आहे. हे साधन म्हणजे कर्णविवरात घट्ट बसणारे, ज्यांना व्यवहारात इन-इअर म्हणतात ते उंची इअरफोन होत.

त्यांची कुळकथा बोधप्रद आहे. त्यांच्या पुष्कळशा जातींमध्ये जो ध्वनिजनक असतो, तो आजच्या चिमुकल्या रूपात बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रासाठी सिद्ध झाला: चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तोलून धरलेली एक लहानशी धातूची पट्टी विद्युत्प्रवाहाबरोबर थरथरते आणि तिला जोडलेल्या पडद्यातून स्वर उमटतो, याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. ज्यांचा कान दुबळा झाला आहे त्यांच्यासाठी अशी घडवलेली ही युक्ती पुढे ज्यांचा कान अतिशय तयार आहे त्यांच्या उपयोगी पडली. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने, जिचे संस्थापक मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे संशोधक होते, 1991 मध्ये ईआर-4 हा इअरफोन बाजारात आणला. पुढे 1995 च्या सुमारास जेरी हार्वे या ध्वनियोजकाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी, रंगमंचावरच्या कल्लोळातही त्याला आपले वादन स्वच्छ ऐकू यावे म्हणून, कानाच्या साच्यावर बेतलेले इअरफोन तयार केले, आणि तेथून कलावंतांचे हे हत्यार हळूहळू रसिकांच्या हाती आले. दुसऱ्या जातीत लाउडस्पीकरासारखाच पण चिमुकला पडदा असतो. सेनहायझरच्या 2021 सालच्या आयई 900 या नमुन्यात तो अवघा 7 मिलिमीटर व्यासाचा आहे. तिसऱ्या जातीत दोन्ही युक्त्यांचा संकर केलेला असतो. सोनीच्या आयईआर-झेड1आर मध्ये 12 मिलिमीटरचा एक मोठा पडदा, 5 मिलिमीटरचा एक लहान पडदा आणि एक आर्मेचर अशी तीन अंगे एकत्र नांदतात.

या तिघांच्या श्रवणाचा माझ्या मनावर उमटलेला ठसा येथे नोंदवला पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यावरच आधारलेला आहे. एटिमोटिकचा इअरफोन कानात खोलवर, तीन झडपांच्या टिपेने घालावा लागतो आणि तो तसा बसला की बाहेरचे जग जवळजवळ मावळते. त्याचा स्वभाव विरक्त पंडितासारखा आहे: डग्ग्याची घुमार तो मोजकी देतो, परंतु तबल्याच्या चाटेवरचा बोल, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांतला केसाएवढा फरक, गायकाने तान घेण्यापूर्वी ओढलेला श्वास, हे सारे तो जसेच्या तसे दाखल करतो. सेनहायझरचा आयई 900 याच्या उलट ऐश्वर्यवान आहे. त्यात मंद्र सप्तकाला भरदार देह मिळतो आणि स्वरमंडळाच्या तारांना लखलखीत तेज चढते, मात्र गाणारा कंठ एक पाऊल मागे उभा आहे असे वाटते. सोनीच्या इअरफोनात सभागृहाची भव्यता आहे: पखवाजाची थाप खोल दरीतून यावी तशी येते आणि साथीदार एकमेकांपासून ऐसपैस अंतर राखून बसलेले भासतात. तिघेही उत्तम असून तिघांची साक्ष भिन्न आहे, आणि असे असणे अपरिहार्यही आहे. माणसाचे कर्णविवर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची एका टोकाला मिटलेली नळी असून ती 3000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुळातच उचलून धरते; विवराच्या तोंडात इअरफोन बसला की ही नैसर्गिक उचल बिघडते, आणि ती किती भरून द्यावी याचा निर्णय कारागिराला करावा लागतो. विवराची लांबीरुंदी प्रत्येकाची निराळी, म्हणून तो निर्णय सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्याला आपण निर्मळ, यथातथ्य श्रवण म्हणतो ते यंत्र आणि कान यांच्यात झालेला एक करारच असतो, ही पहिली शिकवण.

दुसरी शिकवण अधिक खोल आहे. किशोरी आमोणकरांचा भूप मी एटिमोटिकवर ऐकत होतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, गंधार वादी. आणि नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, जवारी उत्तम लागली असेल तर, एक गंधार कोणी न छेडता आपोआप उठत असतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर आहे. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मैफलीत बसून तो ऐकण्यास तयार कान लागतो. येथे तो तारेतून वाफ उठावी तसा उठताना स्पष्ट ऐकू आला, आणि गायिकेने ऋषभावरून उचललेला आपला गंधार त्या अनाहूत गंधारात नेऊन मिळवला तेव्हा दोन स्वरांची सांध कोठे संपली ते कळेना. हे सारे माझ्या समोर घडत नव्हते, उजवीकडे वा डावीकडेही घडत नव्हते. ते माझ्या मस्तकाच्या मध्यभागी, दोन कानांना जोडणाऱ्या रेषेवर घडत होते. गायिका मस्तकात बसली होती, तंबोरा मस्तकात झंकारत होता, आणि या साऱ्या प्रकाराला आत असे म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता वरच्या तीन पक्षांचे काय झाले ते पाहावे. नैयायिक म्हणतात त्याप्रमाणे शब्द कर्णविवरातच उत्पन्न झाला, परंतु अनुभव कर्णविवरातल्या शब्दाचा नव्हता. दोन विवरांत दोन शब्द उत्पन्न झाले आणि ऐकू आला तो एकच, तोही जेथे हवा नाही, पोकळी नाही अशा कपालाच्या मध्यात. वेदान्तपरिभाषाकार म्हणतात त्याप्रमाणे कान विषयाच्या ठिकाणी गेला म्हणावे, तर विषयाचे म्हणून जे ठिकाण अनुभवास आले तेथे कोणताही विषय नव्हता. बौद्धांनी ज्या अंतराच्या आधारे आपला पक्ष उभा केला ते अंतर साफ नाहीसे झाले, आणि श्रवण मात्र तसूभरही उणे झाले नाही. तात्पर्य, शब्दाचा ठाव शब्दात नाही आणि कानातही नाही. मन काही पुरावा तपासून तो ठाव ठरवते, आणि पुरावा बदलला की ठावही बदलतो.

हा पुरावा कोणता, याचा शोध पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी चिकाटीने लावला आहे. एका बाजूने आलेला नाद दूरच्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मनाला तो पुरतो. कानाच्या पाळीच्या घड्या आणि वळणे वरून, खालून, मागून येणाऱ्या स्वरांवर आपापली मोहोर उठवतात. खोलीच्या भिंतींवरून परतणारा पडसाद अंतराची ग्वाही देतो. इअरफोनाने पाळी आणि खोली या दोहोंना बाजूस सारलेले असते. परंतु या साऱ्यांहून विलक्षण असा एक साक्षीदार आहे, आणि त्याचे महत्त्व हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने 1940 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले: तो म्हणजे आपल्या मानेची हालचाल. देवळातल्या नगाऱ्याकडे कान करून मी मान वळवली तर नगारा जागच्या जागी राहतो आणि माझे कान त्याच्या मानाने फिरतात, दोन कानांतला उशीर क्षणोक्षणी बदलतो, आणि मन निवाडा देते की हा नाद बाहेरचा. इअरफोन घातलेला असताना मी कोठेही वळलो तरी गाणे माझ्याबरोबर वळते, कधीही मागे राहत नाही. आणि मन निवाडा देते की जे माझ्याबरोबर वळते ते माझ्या आतच असले पाहिजे. अलीकडे काही इअरफोनांत मानेची हालचाल टिपून त्या मानाने नाद उलट फिरवण्याची सोय असते. ती चालू केली की तोच नाद, त्याच पडद्यातून आलेला, मस्तकातून बाहेर पडून समोर जाऊन उभा राहण्याकडे झुकतो. गाणे तेच असते. त्याने आपली सोबत सोडली एवढेच घडलेले असते.

हे मनात स्थिर झाले तेव्हा शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी मांडलेला अध्यासाचा विचार मला जितका प्रत्यक्ष झाला तितका तो ग्रंथाच्या वाचनाने कधी झाला नव्हता. देहाचे स्थूलत्व, इंद्रियांचे आंधळेपण वा बहिरेपण, मनाची इच्छा आणि संशय, हे सारे जाणण्याचे विषय असूनही मनुष्य मी लठ्ठ, मी बहिरा, मी दुःखी असे म्हणतो. विषयाचे धर्म विषयीवर लादतो. हे लादणे का घडते, याचा एक दाखला या यंत्राने माझ्यापुढे ठेवला. देह मी जाईन तिथे येतो. नाव येते, बालपणापासूनची आठवण येते, जुना अपमान येतो, कुळाचा अभिमान येतो. ही सारी मंडळी माझ्याबरोबर वळतात, कधी मागे राहत नाहीत. आणि जे निरंतर सोबत असते ते मीच असलो पाहिजे, असा निवाडा मन कसलीही रुजुवात न करता देऊन मोकळे होते. सोबतीला स्वरूप समजणे, हीच ती चूक. किशोरीताईंचा भूप माझ्या मस्तकात होता, माझ्या मानेबरोबर वळत होता, माझ्या विचारांच्याही अधिक निकट होता. तरी तो मी नव्हतो, याविषयी मला लवमात्र शंका नव्हती, कारण तो कोठून येतो हे मला ठाऊक होते. विचारांचा उगम मला ठाऊक नसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत मी फसतो.

ज्याला हे पडताळून पाहायचे असेल त्याने इअरफोन घट्ट बसवून एखाद्या विलंबित ख्यालात स्वस्थ राहावे. काही वेळाने ध्यानात येते की आत एकच नाद नाही. गाणे आहे, त्याच्या तळाशी, विवर बंद झाल्यामुळे एरवी न जाणवणारा श्वासाचा घोष आणि नाडीचा ठोका आहे, आणि या दोहोंच्या मध्ये मनातले बोलणे आहे, ज्याला शब्दशास्त्री मध्यमा वाणी म्हणतील असे, ओठांवर न आलेले परंतु अक्षरांनी युक्त. पहिला नाद यंत्राचा, दुसरा देहाचा, तिसरा चित्ताचा. तिघेही आत आहेत, तिघेही माझ्याबरोबर वळतात. पहिल्याला मी परका म्हणतो, दुसऱ्याला माझा म्हणतो, तिसऱ्याला मी म्हणतो. ‘दृग्दृश्यविवेक’ या लहानशा प्रकरणग्रंथात जी पायरी सांगितली आहे ती अशी: रूप दृश्य असून नेत्र त्याचा द्रष्टा, तो नेत्रही दृश्य होतो तेव्हा मन त्याचा द्रष्टा, आणि मनाच्या वृत्तीही दृश्य होतात तेव्हा त्यांचा जो द्रष्टा तो साक्षी, तो मात्र कोणाचे दृश्य होत नाही. श्रवणाच्या बाजूने तीच पायरी येथे उभी आहे. गाणे ऐकू येते म्हणून ते मी नव्हे, एवढे मान्य केल्यावर, मनातले बोलणेही ऐकू येतेच, तेव्हा तेही मी नव्हे, हे नाकारण्यास कोणता आधार उरतो?

येथे प्रामाणिकपणे एक हद्द आखली पाहिजे. या दाखल्याने एवढेच सिद्ध होते की आत असणे म्हणजे आत्मा असणे नव्हे. साक्षी आहे हे त्याने सिद्ध होत नाही. बौद्ध पंडित येथवर आनंदाने माझ्याबरोबर येईल आणि मग थांबून म्हणेल की ऐकू येणाऱ्या गोष्टींची परंपरा तेवढी खरी, ऐकणारा असा कोणी वेगळा मानण्याचे प्रयोजन नाही. या आक्षेपाला मी हलके मानत नाही. तथापि मला तो पटत नाही याचे कारणही संगीतानेच दिले आहे. गंधारावरून पंचमावर जाणारी मींड घ्या. ती कोणत्याही एका क्षणात नाही. पंचम लागतो तेव्हा गंधार नष्ट झालेला असतो, आणि तरी मला गंधार व पंचम असे दोन तुकडे ऐकू येत नाहीत, एक अखंड वळण ऐकू येते. पूर्वक्षणाचा संस्कार उत्तरक्षणाला वारशाने मिळतो, असे बौद्धांचे त्यावर उत्तर आहे. परंतु वारसा मिळालेल्याला वडिलांची मिळकत मिळते, वडिलांचे पाहणे मिळत नाही. आणि मींडेत तर जो गंधार ऐकला तेच ऐकणे न तुटता पंचमापर्यंत येते असा अनुभव आहे. ज्याच्यापुढे स्वर येतात आणि जातात, परंतु जो स्वतः त्यांच्याबरोबर जात नाही, असे काही मानल्यावाचून मला मींडेचा उलगडा होत नाही. हा माझा पक्ष आहे; तो मी पूर्ण निष्ठेने धरतो, आणि दुसऱ्या पक्षाच्या तर्काचे वजन ओळखून धरतो.

कान बंद करून आत ऐकण्याचा मार्ग अर्थातच नवा नाही. ‘हठयोगप्रदीपिके’च्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान सांगितले आहे: कान, डोळे, नाक, मुख मिटून साधक आत लक्ष देतो तेव्हा प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे नाद, मग शंख-घंटेसारखे मधले, आणि अखेर किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर यांसारखे सूक्ष्म नाद त्याला ऐकू येतात. नाथपंथाची ही विद्या निवृत्तिनाथांच्या द्वारे ज्ञानदेवांकडे आली आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिने मराठी वेष घेतला. आमच्याच भूमीत, देवगिरीच्या यादवांच्या पदरी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा गृहस्थ सिंघण राजाच्या दप्तराचा अधिकारी होता, आणि त्याचे पूर्वज काश्मिरातून दक्षिणेत आले होते. त्याने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगून मोठे मार्मिक विधान केले आहे: अनाहताची उपासना मुनींनी गुरूपदिष्ट मार्गाने करावी, त्याने मुक्ती मिळते, परंतु त्यात रंजकता नाही, लोकांचे रंजनही व्हावे आणि भवबंधही सुटावा यासाठी आहत नाद आहे. इअरफोन घालणारा मनुष्य देहाने योग्याचे अर्धे आसन करतो, कान मिटतो; आणि मिटलेल्या कानात आहत नाद भरतो. हा योग म्हणावा की भोग?

भोग, असे झटकन म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण अनाहत तेवढे आत्म्याचे आणि आहत तेवढे जगाचे, अशी वाटणी त्या ग्रंथांनीही केलेली नाही. मिटलेल्या कानात ऐकू येणारा नाद, कितीही सूक्ष्म असो, ऐकू येतो म्हणजे विषयच आहे. 1978 मध्ये डेव्हिड केंप या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की माणसाचा अंतःकर्ण नाद नुसता स्वीकारत नाही, तो स्वतःही मंद नाद बाहेर टाकतो, आणि सूक्ष्म ध्वनिग्राहकाने तो टिपता येतो. योग्याचा अनाहत आणि हा अंतःकर्णाचा नाद एकच, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला कसलाही आधार नाही. परंतु आतून येणाऱ्या नादालाही देहात उगम असू शकतो, एवढे यावरून कळते, आणि आतून आला म्हणून तो पवित्र, ही समजूत ढिली होते. प्रदीपिकाकारांनाही याची जाण होती. कारण त्यांनी नादाला साध्य मानलेले नाही, मनाचा लय साध्य मानला आहे, आणि जेथे नादही विरतो त्या निःशब्दाला परब्रह्म म्हटले आहे. मग मुक्कामाच्या दृष्टीने पाहता आहत आणि अनाहत या दोन्ही वाटाच आहेत, आणि दोन्हींवर वाटेलाच मुक्काम समजण्याचा धोका सारखा आहे.

रसिक येथे मला अडवील आणि म्हणेल की गाण्यापासून स्वतःला वेगळे काढून काय साधले? ऐकणारा आणि ऐकले जाणारे यांच्यातला भेद बुडावा, हाच तर संगीताचा परमोच्च आनंद आहे. भक्तही तेच मागतो. हा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर अभिनवगुप्तांच्या रसविचारात सापडते. काव्य-नाट्याचा आस्वाद घेताना रसिकाचा व्यक्तिगत मी, त्याचे हितसंबंध, त्याचे माझे-तुझे, गळून पडते. भाव कोणा एकाचा न राहता साधारण होतो, आणि त्या निर्विघ्न प्रतीतीत चित्ताला विश्रांती मिळते. म्हणजे अंतर नाहीसे करण्याच्या दोन रीती आहेत. नादाला ओढून माझ्यात आणणे ही एक, आणि माझेपणाची कुंपणे काढून टाकणे ही दुसरी. इअरफोन पहिली रीत यंत्रबळाने, क्षणात साधून देतो. दुसरी कोणतेही यंत्र साधून देत नाही. पहिलीत मी आहे तेवढाच राहतो आणि माझ्या मालमत्तेत एका भूपाची भर पडते. दुसरीत भूप राहतो आणि मालक जातो. बाहेरून दोन्ही तल्लीनता सारख्याच दिसतात, कदाचित आतूनही काही काळ सारख्याच वाटतात. गाणे संपल्यावर चित्त मोकळे होते की अधिक हावरे होते, यावरून त्यांचा भेद कळतो.

भेद घडवणारी गोष्ट अवधान ही आहे, आणि तिचाही धडा मला इअरफोनानेच दिला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर सुईची खरखर आहे. उंची इअरफोन ती लपवत नाही, उलट अधिक उघडी करतो. पहिल्या काही क्षणांत खरखरीचा पडदा आणि त्यामागे तो आर्त, अणकुचीदार स्वर, असे श्रवण होते. मग स्वराची पकड बसते आणि खरखर नाहीशी होते. यंत्राने ती गाळलेली नसते, कानाचा पडदा तिच्याबरोबर तितकाच थरथरत असतो. मनाने तिच्यापासून हात काढून घेतलेला असतो. बृहदारण्यकाने हेच निरीक्षण केले आहे की मन दुसरीकडे असले तर मनुष्य ऐकत नाही, म्हणून ऐकतो तो मनाने ऐकतो. आणि ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानाखेरीज काहीच मागत नाहीत. साधन जितके उंची तितके ते अधिक दाखल करते, आणि जितके अधिक दाखल होते तितका निवडीचा भार ऐकणाऱ्यावर पडतो. निकृष्ट इअरफोनात पुष्कळ काही यंत्रच गिळून टाकते, आणि जे ऐकू आले नाही त्याचा दोष यंत्रावर ढकलता येतो; उत्तम इअरफोनात ती सबब उरत नाही.

एक उणीव मात्र मान्य केलीच पाहिजे, आणि ती यंत्राच्या गुणदोषांची नाही. आमच्या परंपरेत श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती, समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास तिला दिला. पण ते श्रवण सभेत बसून करायचे आहे. कीर्तनात बुवांच्या अभंगाला टाळकरी झील धरतात, शेजारचा मनुष्य डोळे पुसतो, मागे एखादे मूल रडते, आणि हे सारे श्रवणाचे अंग असते. तेथे माझा आनंद माझा नसल्याचे मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते. माझेपणाचे कुंपण पाडण्यास शेजारच्याचे असणे हा मोठा आधार आहे. इअरफोनात तो आधार नाही. छातीवर आदळणारी पखवाजाची थाप नाही, आणि गायकाच्या समेला अनेक माना एकाच क्षणी डोलत नाहीत. म्हणून एकांतातले हे श्रवण कीर्तनाची जागा घेऊ शकत नाही, आणि ज्याने सभेत कधी ऐकलेच नाही त्याला ते एकटेपणाची सवय लावील, असे मला भय वाटते. परंतु श्रवणानंतर मनन आहे, मननानंतर निदिध्यासन आहे, आणि त्या दोन पायऱ्या माणसाला एकट्यानेच चढाव्या लागतात. त्यांच्यासाठी जो एकांत लागतो त्यात या साधनाला स्थान आहे, असे मी मानतो.

ज्याला असा इअरफोन घेण्याची ऐपत आणि आवड आहे त्याने तो अवश्य घ्यावा, आणि त्यावर उत्तमातले उत्तम गाणे ऐकावे. स्वराच्या सूक्ष्मतेवर प्रेम करणे हे पाप नाही, आणि सूक्ष्म ऐकण्याची सवय झालेले मन सूक्ष्म विचारालाही अधिक पात्र होते. फक्त गाणे मस्तकाच्या मध्यभागी येऊन बसेल तेव्हा त्याने एवढा विवेक करावा की इतक्या निकट येऊनही जर हे मी नव्हे, तर ज्यांना मी आजवर केवळ निकटपणाच्या जोरावर मी म्हणत आलो त्या माझ्या रागलोभांना, माझ्या भयांना, माझ्या कीर्तीच्या इच्छेला ती सनद कोणी दिली? हा प्रश्न एकदा नीट विचारला की अपमानाची आठवण पुढच्या खेपेस आत बोलू लागते तेव्हा तिचे बोलणेही ऐकता येते, आणि जे ऐकता येते त्याचा हुकूम मानण्याची सक्ती उरत नाही.